चोवीस खिळे

वापरून झालेल्या चिठ्ठ्या आम्ही ऑफिसात एका उभ्या तारेत टोचून ठेवायचो. दिवसाला पंधरा-वीस. तार कधी भरत जाते ते कळत नाही. मग एक दिवस नवी चिठ्ठी टोचायला जावं, तर तारेचं टोकच सापडत नाही! किस्स्यांचंही तसंच होतं. मुद्दाम कुणी जमवत नाही. आमच्या अकोल्याच्या ऑफिसातले किस्से माझ्याकडे असेच साचलेत. मित्र म्हणतात, सांग. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून लिहून काढतो. हसू आलं तर हसा. मलाही आलं होतं, त्या त्या वेळी.

ऑफिस कापसाच्या प्रयोगांचे हिशेब करायचं. गावोगावच्या वावरांतून आकडे यायचे: झाडं किती, बोंडं किती, किडकी किती, ओल किती. आमच्याकडे हाताने फिरवायचं एक गणकयंत्र होतं. बोटाने खुंट्या ओढून आकडा लावायचा, हँडल फिरवायचं, खिडकीत उत्तर! पण यंत्राला एका वेळी एकच आकडा कळतो. बाकीचे कुठे ठेवणार? त्यासाठी भिंतीवर एक फळी होती. फळीवर चोवीस खिळे, बारा वर, बारा खाली. प्रत्येक खिळ्यावर पांढऱ्या रंगात एकेक अक्षर, आणि खिळ्याला त्या त्या आकड्याची चिठ्ठी. बोंडांचं अक्षर ट, झाडांचं म, ओलीचं ख. हिशेबाच्या पानांवर तीच अक्षरं असायची: ट ला म ने भागा, त्यातून ख वजा करा. मी पान पाहून वस्तूचं नाव पुकारायचो, "नानाजी, बोंडं!" आणि नानाजी फळीवरून चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरायचे. म्हणायचे, "वाच."

नानाजी इंगळे म्हणजे आमचे मुख्य हिशेबनीस. फळीवरची चिठ्ठी काढायचा मान त्यांचा, यंत्रही त्यांचंच. मी चिठ्ठ्या लिहून लावायचो, आकडा वाचायचो, आणि खिडकीतलं उत्तर लिहून घ्यायचो. दुसऱ्या टेबलावर शेंदूरजनाघाटचे गुलाबराव. घरची संत्र्याची बाग, आणि बोलणं त्या सालीसारखं झोंबणारं. दाराशी रहीमचाचा शिपाई. एवढेच आम्ही.

मी हिवरखेडचा. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे काय, गुरुजी फळ्यापुढे उभं करून उत्तर विचारायचे. उत्तर यायचं, तोंड उघडायचं नाही. सलग तीन दिवस तसाच उभा राहिलो. चौथ्या दिवशी गेलोच नाही! आकडा मात्र एकदा लिहिला की माझ्या डोक्यातून जात नाही. आणि कुणी कागद पुढे धरून "वाच" म्हटलं, तर वाचता येतं. स्वतःचं काही बोलायचं नसतं ना त्यात.

*

फळीवरची अक्षरं ओळीने नव्हती. पहिल्या खिळ्यावर ट, शेजारी म, मग ख, मग एकदम र. नव्या माणसाला वेड लागायची पाळी.

एकदा नागपूरचे एक कारकून काम पाहायला आले. बराच वेळ फळीकडे बघत राहिले. मग विचारलं, "याचा क्रम कोणता?"

नानाजींनी उलट विचारलं, "बाबू, कोटाच्या खिशात काय काय हाये तुमच्या?"

"पेन, रुमाल, तंबाखूची डबी, किल्ल्या."

"हात घातला का पहिले काय येते हाती?"

"डबी."

"मंग तुमच्या खिशाले क्रम कोनं लावून देल्ला?"

बोंडं प्रत्येक हिशेबात लागतात, म्हणून ती पहिल्या खिळ्यावर, हात उचलला की हाताशी. जे कमी लागतं ते लांब. पंचवीस वर्षांत एकेक खिळा असा आपल्या जागी बसला होता. कारकूनबाबू दुपारी जाताना तंबाखूची डबी आमच्याकडेच विसरून गेले. गुलाबराव म्हणाले, "क्रम चुकला वाटते!"

*

आता पुडीचा किस्सा.

आमच्या तारेवरच्या जुन्या चिठ्ठ्या पोत्यात भरून रद्दीत जायच्या. चौकातला फुटाणेवाला तीच रद्दी घ्यायचा. एके दिवशी गुलाबरावांनी फुटाणे आणले. छोटीशी चपटी पुडी, दोऱ्याने बांधलेली. टेबलावर जागा नव्हती, म्हणून दोरा ओलीच्या खिळ्याला अडकवला आणि पाणी प्यायला गेले.

मी पुकारलं, "नानाजी, ओल!"

नानाजी उठले, पुडी काढली, वळता वळता माझ्यापुढे धरली. "वाच."

मी भिडस्त माणूस. ही पुडी आहे, असं मोठ्या माणसाला कसं सांगायचं? कागद आमचाच होता, त्यावर आकडा होता. मी वाचला!

नानाजींनी खुंट्या ओढल्या, हँडल फिरवलं. यंत्राची घंटा वाजली. मी उत्तर लिहिलं. गुलाबराव परत आले, उत्तर पाहिलं आणि ओरडले, "अबे, हे वावर हाये का विहीर? कापसापरीस पानीच जास्त भरून राहिलं!"

मग पुडी सापडली. रहीमचाचासुद्धा पोट धरून हसले. नानाजीही हसले. म्हणाले, "चला, आता फुटान्याचा वर्ग करू!"

पण हसताना ते गुलाबरावांकडे बघत होते असं त्यांना वाटत होतं. गुलाबराव तिथे नव्हते. ते केव्हाच खिडकीपाशी गेले होते. नानाजी रिकाम्या खुर्चीकडे बघून हसत होते.

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवलं. खुंट्या ते बोटाने मोजून ओढायचे. आकडा मी वाचायचो, उत्तर मी लिहायचो, चिठ्ठी ते जागेवरून काढायचे. दिसायची गरजच कुठे नव्हती! किती दिवसांपासून, कोण जाणे.

*

महिन्याभराने नानाजी मला म्हणाले, "सुधाकर, रविवारी अमरावतीले येतं का माह्यासंगं? तू कोनाले सांगत नाईस, म्हणून इचारतो."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहेर बाकावर रांग होती. आत एकेक पेशंट तक्ता वाचत होता, मोठ्याने. आम्ही दीड तास बसलो. नानाजी डोळे मिटून ओठ हलवत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत.

आमचा नंबर आला. डॉक्टरांनी त्यांना स्टुलावर बसवलं. म्हणाले, "वाचा."

नानाजींनी धडाधडा वाचलं. वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत. एक चूक नाही!

डॉक्टरांनी तक्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आजोबा, पाठांतर उत्तम आहे. पण तक्ता तुमच्या मागच्या भिंतीवर आहे. तो पलीकडच्या आरशात पाहून वाचायचा असतो. तुम्ही दाराकडे तोंड करून बसलात."

काचबिंदू. ऑपरेशनने गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढीही टिकेल असं नाही, म्हणाले.

परतीच्या एसटीत नानाजी बडनेऱ्यापर्यंत पुढच्या सीटची दांडी चाचपत राहिले. मग म्हणाले, "पेन्शनीले दीड वर्ष हाये. कोनाले समजलं तं उद्याच डॉक्टरी तपासनी लावतीन, न घरी बसवतीन. पेन्शनीचं जाऊ दे एक घडी. घरी मले काईच दिसत नाई सुधाकर. बायको भांडे हालवते, नात दप्तर फेकते, मी अडखळून पडतो. ऑफिसात मले सगळं दिसते. कोनी जागा हालवत नाई ना!"

*

आणि तीनच आठवड्यांनी पुण्याहून नवे साहेब आले.

माणूस वाईट नव्हता. कामसू होता. पहिल्याच दिवशी फळीपुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "हे काय आहे? ट, म, ख, र? ही काय बाजारातली दुकानं आहेत? क पासून ओळीने लावून घ्या सगळं. पंधरा दिवसांत."

नानाजी म्हणाले, "साहेब, हाताले सवय हाये."

"सवय लागते तशी मोडतेही, इंगळे." आणि माझ्याकडे वळून, "तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही करा."

मी एक वाक्य तयार केलं. "साहेब, फळी आहे तशी राहू द्या, काम भराभर होतं." एकूण नऊ शब्द. घरून निघाल्यापासून घोकत आलो. साहेबांच्या खोलीत शिरलो. साहेबांनी मान वर केली, "काय?"

मी म्हणालो, "पाणी आणू का?"

बाहेर आल्यावर रहीमचाचा माझ्यावर रागावले, "बेटा, मेरी नौकरी काय को खाता तू?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. तीन दिवस साहेब भरपूर पाणी प्यायले!

*

बोलता येत नाही म्हटल्यावर मी दुसरी वाट काढली.

साहेबांना अक्षरं ओळीने हवी होती. त्यासाठी चिठ्ठ्यांच्या जागा कशाला बदलायच्या? बोंडं पहिल्या खिळ्यावर आहेत ना? राहू द्या तिथेच. ट पुसायचा, क रंगवायचा. झाडं दुसऱ्या खिळ्यावर? म पुसायचा, ख लिहायचा. म्हणजे अक्षरं सरळ, आणि नानाजींचा हात जिथे जायचा तिथेच जाणार.

एकच अडचण. हिशेबाच्या सगळ्या पानांवर जुनी अक्षरं. बोंडांचा ट आता क झाला, तर प्रत्येक पान नव्याने लिहायला हवं. चार जाड वह्या होत्या. त्याच सुमाराला नानाजी रजेवर गेले. बरं वाटत नाही, असा निरोप आला. मला हायसं वाटलं. पंधरा दिवस मी दोन्ही वेळच्या चहाच्या सुट्टीत आणि दोन्ही रविवारी लिहीत बसलो. अंगठ्याला फोड आला. गुलाबराव येऊन वही बघायचे. म्हणायचे, "मौनीबुवा, सोप्पं होतं ते सोडून हे काय करून राहिला? चिठ्ठ्या उचलून दुसऱ्या खिळ्याले लावा, घंटाभराचं काम!"

मी मान खाली घालून लिहीत राहिलो. नानाजींचं गुपित होतं ना. शिवाय मनातून थोडा खूशही होतो. जन्मात पहिल्यांदा कुणासाठी काहीतरी केलं होतं, आणि त्यासाठी तोंड उघडायला लागलं नव्हतं.

*

सोमवारी साहेब स्वतः खुर्ची घेऊन फळीपुढे बसले. नानाजी ठीक अकराला आले. धोतर परीटघडीचं, चेहरा हसरा. मी पुढे झालो. साहेब दोन हातांवर. कुजबुजलो, "नानाजी, फळी..."

"माहीत हाये लेका," त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "काई फिकर नको करू."

मला वाटलं, गुलाबरावांनी सांगितलं असेल. मी जागेवर बसलो. पुकारलं, "नानाजी, बोंडं!"

नानाजींचा हात पहिल्या खिळ्यावर गेलाच नाही. सरळ वरच्या ओळीत नवव्या खिळ्यावर गेला. ङ, ञ सोडून क पासून ओळीने मोजलं तर जिथे ट येतो, तिथे!

चिठ्ठी काढली. माझ्यापुढे धरली. "वाच."

चिठ्ठीवर किडक्या बोंडांचा आकडा होता, त्रेपन्न. सकाळी सगळ्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या. बोंडं होती सहाशे अठ्ठ्याण्णव. मी हातातल्या त्रेपन्नकडे बघून म्हणालो, "सहाशे अठ्ठ्याण्णव."

नानाजींनी खुंट्या ओढल्या.

"झाडं!" हात खालच्या ओळीत गेला. चुकीची चिठ्ठी. मी बरोबर आकडा वाचला. "ओल!" चुकीची चिठ्ठी. बरोबर आकडा. असं अख्खं पान! एकदासुद्धा हात अडखळला नाही. फळीवर चोवीस खिळे, आणि नानाजी त्यांतले नेमके चुकीचे, न चुकता काढत होते.

शेवटचं उत्तर मी लिहिलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बघा! पूर्वीपेक्षा लवकर झालं. क्रम म्हणजे काय ते कळलं ना आता?"

"होय साहेब," मी म्हणालो. ते मात्र मला पटकन म्हणता येतं.

संध्याकाळी गुलाबराव तारेपाशी उभे होते. वापरलेल्या चिठ्ठ्या एकेक करून बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं, नानाजींकडे बघितलं. त्यांनी चिठ्ठ्या तारेच्या पार तळाशी सरकवल्या, आणि वरून आपल्या टोचल्या. त्या दिवशी ते मला मौनीबुवा म्हणाले नाहीत.

*

सुटल्यावर मी नानाजींबरोबर त्यांच्या घरापर्यंत गेलो. वाटेत सगळं सांगितलं. एवढं बोलायची माझी पहिलीच वेळ. सांगून होईपर्यंत त्यांचं दार आलं.

दारावर चोवीस खिळे ठोकलेले होते. बारा वर, बारा खाली!

"पंधरा दिवस रजा कायची होती मंग?" नानाजी म्हणाले. "नात अक्षर पुकारे, मी हात लावो. शंभर खेप, दोनशे खेप. बायको म्हणे, दारावर आता वांगे वाळू घालता काय? बोटं पाह्य माह्ये." बोटांची टोकं सोललेली होती. मी माझ्या अंगठ्याचा फोड त्यांच्या हाताला लावला. त्यांनी तो चाचपला.

"काहून नाई सांगितलं लेका?"

"तुमीही कुठं सांगितलं?"

त्यावर ते हसायला लागले. दाराला धरून हसले, खाली बसून हसले. आतून काकू बाहेर आल्या. हसतायत का रडतायत, हे त्यांनाही कळेना.

मी म्हणालो, "उद्या सकाळी लवकर जाऊन चिठ्ठ्या तुमच्या नव्या जागी लावतो. वह्या पुन्हा लिहीन."

"नको." ते शांत झाले. "आता काई उपयोग नाई. पंचवीस वर्षांचा एक क्रम हाये, पंधरा दिवसांचा एक हाये. आज मले वाटलं का पहिला मोडला. नाई मोडला. तू सांगितलं अन् तो उठून बसला पाह्य. आता बोंडं म्हटलं का मले दोन खिळे दिसतात सुधाकर. कोन्ता खरा, ते हातालेच समजत नाई."

काकूंनी चहा आणला. तो घेतला आणि निघालो.

*

त्यानंतर नानाजी चारच दिवस ऑफिसात आले. पाचव्या दिवशी डॉक्टरी तपासणीचा कागद आला. तो कुणाच्या सांगण्यावरून आला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांच्या खुर्चीत आता गुलाबराव बसतात. फळी तीच आहे. हा शेवटचा किस्सा त्या चौथ्या दिवसाचा.

वरून मोठे साहेब पाहणीला आले होते. आमच्या साहेबांना फळी दाखवायची हौस. क पासून र पर्यंत ओळीने! दोघे माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. गुलाबराव लिहायचे थांबले. रहीमचाचा पाण्याचा ग्लास घेऊन दारातच उभे.

मी पुकारलं, "नानाजी, बोंडं."

नानाजी उठले. हात वर गेला. पहिल्या खिळ्याकडे गेला आणि वीतभर अलीकडे थांबला. तिथून नवव्या खिळ्याकडे सरकला. मधेच थांबला. परत मागे आला. चोवीस खिळ्यांपुढे तो हात नुसता हवेत होता. कुठे टेकत नव्हता.

मोठ्या साहेबांनी घड्याळाची चावी फिरवल्याचा आवाज आला.

मग नानाजींनी हात खाली घेतला. वळले. माझ्यापुढे तळहात पसरला. रिकामा. बोटांच्या टोकांवर अजून सोललेलं दिसत होतं.

"वाच," ते म्हणाले.

मी त्या तळहाताकडे बघितलं आणि वाचलं, "सातशे एकोणचाळीस."

"तपासून घेता ना प्रत्येक आकडा?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

आमचे साहेब माझ्या खांद्यावरून पुढे वाकले. चष्मा सारखा केला. नानाजींच्या तळहाताकडे चांगलं निरखून बघितलं. मग ताठ झाले आणि म्हणाले,

"बरोबर आहे!"